छायाची मौसी

दोन्ही कानांच्या पाळ्या चिमटीत धरायच्या, मान थोडी खाली घालायची आणि विचारायचं, "चुकलं का माझं?" अठ्ठावन्न वर्षांची, जवळजवळ सहा फूट उंच, पांढऱ्या आखूड केसांची गोरी बाई बुऱ्हाणपूरच्या भर गल्लीत अशी कान धरून उभी राहिलेली तुम्ही पाहिली नसेल. आम्ही आठ महिने पाहिली. कान धरणं ती मिशनच्या शाळेतल्या पोरांकडून शिकली होती. पोरं कान धरतात आणि बाई हसून सोडून देतात, हे तिने बघितलं आणि ही इथली माफी मागायची रीत आहे असं समजून चालली. मी म्हटलं, "अहो, हे लहान मुलांचं असतं." तर ती म्हणाली, "मग बरोबरच आहे. इथलं माझं वय तीन आठवडे आहे."

माझी आणि तिची गाठ कशी पडली ते आधी सांगते. माझे वडील महाराष्ट्रातून इकडच्या कागद कारखान्यात नोकरीला आले, मी लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले आणि पंचवीस वर्षं इथल्या मराठी शाळेत शिकवलं. पुढे शाळेत पोरं येईनाशी झाली, शाळा बंद पडली आणि मी घरात बसून नवऱ्याच्या चुका काढायला लागले. अशात एक दिवस मिशनचे पास्टर घरी आले. नॉर्वेहून एक बाई वर्षभरासाठी येणार होत्या, बायकांचा शिवणवर्ग चालवायला. त्यांना घरापुरतं मराठी, बाजारापुरतं हिंदी आणि इथलं वागणं-बोलणं शिकवायला कुणीतरी हवं होतं. वागणं शिकवायचं म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले. दुसऱ्याला वागणं शिकवायची हौस मला पहिल्यापासूनच आहे.

मार्चच्या शेवटी ती आली. नवरा गेलेला, मुलं मोठी झालेली. आयुष्यभर ती आपल्या गावच्या चर्चमधून दूरदेशीच्या मिशनला मदत पाठवत आली होती. आता एकदा आपण स्वतः जावं, कुणाच्या तरी कामी यावं, एवढी एकच इच्छा घेऊन ती निघाली. तिकडे बर्फ पडत होता आणि इकडे आमचं ऊन नुकतं तापायला लागलं होतं. पहिल्या दिवशी तिच्या पायांत जाड चामड्याचे बूट होते. मी बुटांकडे बघितलं, तिने माझ्या बघण्याकडे बघितलं आणि लगेच विचारलं, "चूक?"

शहराच्या जुन्या भागातल्या एका घराचा वरचा मजला तिच्यासाठी बघितला होता. खाली मालकीणबाई, त्यांचा मुलगा आणि सून छाया. शेजारच्या घरात पॉवरलूम, सकाळपासून खटखट चालू. मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, ही धरम बदलवायले तं नाही आली?"

मी म्हटलं, "शिवण शिकवायला आल्यात."

त्या काय म्हणाल्या हे तिने मला विचारलंच; आमचं दोघींचं बोलणं इंग्रजीतून चालायचं. मी लपवलं नाही. ती म्हणाली, "त्यांना सांगा, मला कुणाला बदलायचं नाही. मला स्वतःलाच बदलता येत नाहीये." मी ते मराठीत सांगितल्यावर मालकीणबाई पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी किल्ली दिली.

पण बदलणं म्हणजे काय असतं, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

जेवताना डावा हात पुढे यायचा. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ती डावा हात मांडीखाली दाबून जेवायला बसली. एवढी मोठी बाई एका बाजूला कलंडून वरणभात खाते आहे, हे बघून छायाला ठसका लागला. मग वाटीची गोष्ट. खालून कुणी भाजी पाठवली की ही ती वाटी रिकामी करून, घासूनपुसून पाच मिनिटांत परत करायची आणि वर म्हणायची, "धन्यवाद." मालकीणबाई चिडल्या. "हिले घरचं काही वाटतच नाही का? वाटी रिकामी देते! पानी दिलं तं धन्यवाद, चहा दिला तं धन्यवाद. आपन काय हाटेल खोललं आहे?" मी तिला समजावलं, वाटी रिकामी पाठवायची नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, आणि घरच्या माणसांना धन्यवाद म्हणायचं नाही. तिने ते वहीत लिहून घेतलं. "म्हणजे आभार मानले नाहीत, तर मी घरची?" असं तिने विचारलं आणि मी हो म्हटल्यावर ती इतकी खूश झाली की मलाच धन्यवाद म्हणाली.

सगळ्यात अवघड गेलं ते दार. इथे गल्लीत दिवसा दार लावत नाहीत. दिवसा दार बंद म्हणजे घरात काहीतरी वाईट झालं. ती दुपारी दार लावून बसली की तासाभरात तीन बायका वर चढायच्या. "तबियत तं बरी हाय ना?" एका दुपारी मी गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसून रडत होती आणि दोन शेजारणी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्या गेल्यावर ती म्हणाली, "मला फक्त एक तास एकटीला रडायचं होतं. तेसुद्धा इथे चूक आहे का?"

मी हसले. आज ते हसणं आठवलं की मला माझा राग येतो.

मे महिन्यात तिचा चेहरा उतरला. रात्रीची झोप नाही, अंगावर घामोळं, पोट बिघडलेलं. वर्गातल्या बायका तिच्याशी अदबीने वागायच्या आणि तिची पाठ वळली की आपसांत बोलायच्या. तिला ते कळायचं. ती मला म्हणाली, "तिकडे मला निदान चूक न करता चहा करता येत होता. इथे मी चहा केला तरी कुणीतरी कप उचलून बघतं." आणखी एक गोष्ट ती बोलली, ती मी विसरू शकत नाही. "मी प्रार्थना करते तेव्हा वाटतं, देवसुद्धा आता माझ्याशी इथल्या भाषेत बोलतोय आणि मला कळत नाहीये."

मी तिला म्हटलं, परत जा. ती म्हणाली, "तिकडे सगळ्यांना सांगून आलेय. आणि इथे कुणाच्याही कामी न येता गेले, तर मी कुठलीच राहणार नाही."

तिला सावरलं ते छायाने. छाया बाविशीची, जवळच्या जसोंडी गावच्या केळी-कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी, लग्नाला दोन वर्षं झालेली आणि पोटात चार महिन्यांचं. ती शिवणवर्गाला यायची आणि वर्ग सुटला की वर हिच्याकडे. छाया चूक दाखवायची नाही. चूक झाली की ती नुसती हसायची आणि स्वतः करून दाखवायची. मॅडम म्हणायला तिची जीभ वळेना, म्हणून तिने परस्पर ठरवून टाकलं, "मी तं हिले मौसीच म्हननार." मौसी म्हणजे आईची बहीण, हे मी समजावून सांगितलं. त्या दिवशी तिने ते वहीत लिहिलं नाही.

पुढचे दोन-तीन महिने दुपारी त्या दोघी वरच्या खोलीत बसलेल्या असायच्या, दार सताड उघडं. छाया माहेरच्या कापसाच्या वाती वळायची, ही विणायची. दोघींना धड कळेल अशी एक भाषा नव्हती, तरी एकमेकींशी बोलायच्या आणि हसायच्या. मालकीणबाईसुद्धा कधी वर येऊन बसायला लागल्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "बाई आहे चांगली, समजत नाही एवढंच." तिला एकच हवं होतं, या एका घराने आपल्याला आपलं म्हणावं. आणि ते होत आलं होतं.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं. नसतं सांगितलं तर बरं वाटलं असतं.

जुलैत पास्टरांनी मला विचारलं, "बाई, वाटीचं आणि दाराचं त्यांना आधी सांगायचं राहिलं होतं का?" तेवढंच. पण मला वाटलं, हिने माझी तक्रार केली. तिने तसं काहीच केलं नव्हतं, तिने गंमत म्हणून सांगितलं होतं. पण माझा अपमान झाला होता आणि अपमान झाला की मी विचार करत नाही. मी ठरवलं, आता विचारल्याशिवाय हिला एक अक्षर सांगायचं नाही. शिकू दे आपली आपण.

तिच्या हातातल्या सुया मला दोन महिने दिसत होत्या. पिवळी लोकर होती, बारीक टाके होते. एवढंसं काय विणतेय, हे कुणाही बाईला कळलं असतं. एकदा तर तिने मलाच विचारलं, "इथल्या नव्या बाळाचं डोकं केवढं असतं?" मी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवलं, "एवढं." तिने माझ्या ओंजळीला टेप लावून माप घेतलं.

आमच्याकडे बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही करत नाहीत. ना शिवायचं, ना विकत आणायचं. जन्मल्यावर जुन्या धोतराची, जुन्या लुगड्याची दुपटी फाडायची आणि नवं अंगावर घालायचं ते बारशाला. हे तुम्हालाही ठाऊक असेल. मला तर पक्कं ठाऊक होतं. तिने नेमकं विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये छायाला सातवा लागला आणि डोहाळजेवण झालं. मीच छायाच्या या मौसीला हिरवं लुगडं नेसवलं, डझनभर पिना लावून. ती इतकी आनंदात होती की जिन्यावरून उतरताना दोनदा पदरात अडकली. बायकांनी छायाची ओटी भरली, गाणी झाली. मग ही पुढे झाली आणि तिने छायाच्या मांडीवर एक कागदी पुडी ठेवून ती स्वतःच उघडली. पिवळं टोपडं, पिवळं झबलं आणि अंगठ्याएवढे दोन मोजे.

गाणं थांबलं. मालकीणबाईंनी पुढे होऊन ते सगळं पदरात घेतलं. "ठेवते मी, मंग पाहू," असं म्हणून त्या आत निघून गेल्या. मागून एक म्हातारी पुटपुटली, "अजून जीव यायचा हाये, अन् आत्ताच कपडे?"

तिने माझ्याकडे बघितलं. हात आपोआप कानांकडे गेले होते. मी नजर खाली घातली आणि ओटीच्या ताटातल्या खारका नीट लावत बसले.

वर गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती पांढरी पडली. "परत मागून घेऊ?"

"दिलेलं परत घेत नाहीत. तेही वाईट."

"मग काय करू?"

"काही करू नका. बाळ सुखरूप होईल आणि सगळे विसरून जातील."

ती पलंगाच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "मी कुणासाठी विणत होते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं. "मला वाटलं, तिकडच्या तुमच्या कुणासाठी असेल."

मान हलवून ती उठली आणि लुगड्याच्या पिना एकेक करून काढायला लागली.

सप्टेंबरच्या शेवटी, दिवस भरायच्या आधीच, एका सकाळी छायाच्या पोटातली हालचाल थांबली. रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. मुलगा होता. पोटातच गेला होता, नाळेचा फास बसला होता. कुणाच्याच हातात काही नव्हतं, असं डॉक्टरीणबाईंनी मला स्वतः सांगितलं. पण गल्लीत डॉक्टरीणबाईंचं कोण ऐकतं? संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी पिवळं टोपडं होतं.

दुसऱ्या दिवशी ती खाली भेटायला जायला निघाली, काळा झगा घालून. तिच्या देशात दुःखाला काळं घालतात. मी जिन्यातच तिला अडवलं. ती परत वर गेली, निळं घालून आली, ते मला नको वाटलं, मग पांढरं शोधलं. कपड्यांच्या ढिगाऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "एका मेलेल्या बाळासाठी मला नीट रडताही येत नाही."

पांढरं घालून ती खाली गेली तेव्हा मालकीणबाईंचं दार बंद होतं. हिने कडी वाजवली. आतून आवाज आला, "मले बरं नाही." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. छायाला दवाखान्यातून परस्पर जसोंडीला नेलं होतं. ही रोज सकाळी जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसायची, दार उघडेल म्हणून. छायाचा नवरा कामावर जाताना तिच्याकडे न बघता म्हणायचा, "आंटी, ऊपर जाओ ना." तो उर्मट नव्हता. त्याला बोलवत नव्हतं.

शिवणवर्ग ओस पडला. आधी पोटुशा बायका यायच्या बंद झाल्या, मग लेकुरवाळ्या, मग सगळ्याच. एकीने मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "त्या मॅडमच्या हाताचंच लागलं काकू." मी तिला खडसावलं, मूर्खासारखं बोलू नकोस म्हटलं. पण मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले, हे तिला सांगितलं नाही. तेवढं सांगितलं असतं तर निम्मा दोष त्याच दिवशी माझ्या दारात आला असता.

ऑक्टोबरात ती मला म्हणाली, मला छायाकडे घेऊन चला. आम्ही रिक्षाने जसोंडीला गेलो. वाटेभर दोन्ही बाजूंना केळीची शेतं होती. छायाच्या आईने अंगणात खाट टाकली, पाणी दिलं आणि म्हणाली, "निजली हाये ती." हिने पाण्याचा पेला घेतला. धन्यवाद म्हणाली नाही. पेला दोन्ही हातांत धरून ती दाराच्या पडद्याकडे बघत राहिली. पडदा हलला, पण बाहेर कुणी आलं नाही. अर्ध्या तासाने आम्ही उठलो.

परतताना रिक्षात तिचा बांध फुटला. "इथे अशी काहीतरी गोष्ट असेल ना, जी केली की माफ करतात? तुम्हाला सगळं माहीत असतं. मला सांगा. मी उपास करीन, डोकं भादरीन. तुमच्या देवळात जाऊन बसायला सांगाल तर मी बसेन. माझ्या देवाची मी नंतर समजूत घालीन." रिक्षावाला आरशातून बघायला लागला. ती मिशनची बाई होती हो! रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करणारी. तिच्या तोंडून हे ऐकताना मी रिक्षावाल्याला पुढे बघून चालवायला सांगितलं.

"अशी काही गोष्ट नसते," मी म्हटलं. "वेळ जाऊ द्यावा लागतो."

वेळ तिच्याकडे नव्हता. पास्टर भले गृहस्थ, पण घाबरलेले. लोक नाराज आहेत, उगाच भलतं काही व्हायला नको, तुम्ही दोन-चार महिने आधीच निघालात तर बरं, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. तिने वाद घातला नाही. सामान बांधायला मी गेले होते. नियमांची वही तिने टेबलावरच ठेवली. म्हणाली, "माझ्यानंतर येणाऱ्या बाईसाठी." निघताना ती पुन्हा एकदा खालच्या दारापुढे उभी राहिली. कडी वाजवली नाही.

स्टेशनवर मी तिच्याबरोबर एकटीच होते. गाडीला वेळ होता. मला राहवेना. मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचं आहे. ते विणकाम..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुमच्या ओंजळीचं माप घेतलं होतं मी. डोहाळजेवणाच्या दिवशी तुम्ही खोटं बोललात, हे मला तेव्हाच कळलं."

"मग काहीच कशा बोलला नाहीत?" मी जवळजवळ ओरडले. मला वाटलं, हिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्हीही गेला असतात तर माझ्याजवळ कोण राहिलं असतं?"

गाडी आली. मी तिची बॅग वर चढवली. ती खिडकीशी बसली आणि गाडी हलेपर्यंत माझा हात धरून होती. मी घरी आले. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले.

जानेवारीत छाया सासरी परत आली. एका दुपारी मी त्या गल्लीतून चालले होते, तर छाया दारात उभी. वाळली होती. मला बघून तिने पहिल्यांदा विचारलं ते, "काकू, मौसी कुठं हाये? वर कुलूप हाये."

"ती गेली छाया. नोव्हेंबरातच गेली."

"गेली?" ती मटकन पायरीवर बसली. "मले कुनी सांगितलं बी नाही!"

आता मला राग आला. "सांगणार कोण? ती जसोंडीपर्यंत आली होती तुझ्यासाठी. तुझी आई म्हणाली, निजलीस. तू बाहेर तरी आलीस का?"

"जागीच होती मी काकू. पडद्यामागंच उभी होती. मौसीले पाहिलं असतं तं तिच्या गळ्यात पडून रडली असती. अन् आई म्हने, बाळंतीन हायेस, सव्वा महिना रडाचं नाही, डोळे जातात. हात धरून ठेवला होता तिनं माझा."

बाळंतिणीने रडू नये. हे मला ठाऊक नव्हतं का? मी स्वतः माझ्या बहिणीला सांगितलं आहे. त्या अंगणात बसून मला ते सुचलं नाही. मी पडद्याकडे बघितलं आणि राग तेवढा वाचला.

"आणि तुझ्या सासूने दार लावून घेतलं ते?" मी विचारलं. "रोज येऊन बसायची ती इथे, या पायरीवर."

छाया मान खाली घालून पायरीवरची धूळ बोटाने पुसत होती. "दवाखान्यात नर्सबाई म्हनली, बाळाले गुंडाळाले काही कपडा आना. ह्ये घरी आले धावत. घरात काय असनार काकू? आपल्यात आधी काही करतच नाही ना. एक चिंधी बी फाडेल नव्हती. मंग सासूबाईनं ती मौसीची पुडी काढून देली ह्यांच्या हातात. तेच घालून नेलं त्याले तापीवर." तिने धुळीचं बोट पदराला पुसलं. "माझं बाळ उघडं नाही गेलं काकू. मौसीमुळं नाही गेलं. पन सासूबाईले मौसी दिसली का ते पिवळं टोपडं दिसे. म्हनून त्या दार लावून बसत. रागानं नाही."

ते दार रागानेच बंद आहे, असं सगळ्या गल्लीसारखं मलाही वाटलं होतं. आणि मी तिला इथलं वागणं शिकवायला ठेवलेली बाई.

मी तिथेच पायरीवर छायाशेजारी बसले आणि फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला. तिकडे सकाळ असणार. माझा आवाज ऐकून ती आधी घाबरली, "छाया बरी आहे ना?" मी म्हटलं, "बरी आहे, माझ्याजवळच बसली आहे." मग मी छायाने सांगितलेलं एकेक वाक्य तिला सांगायला लागले. दवाखाना सांगितला, पुडी सांगितली, तापी सांगितली. बाळ उघडं गेलं नाही, हे सांगितलं.

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

मग ती अगदी हळू म्हणाली, "मोजेसुद्धा घातले होते का?"

मी छायाला विचारलं. छायाने फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि म्हणाली, "हो मौसी. दोन्ही पायांत."

ते तिला कळलं. मला सांगावं लागलं नाही. त्यानंतर कितीतरी वेळ छायाने फोन कानावरून काढला नाही.